सहा पावसाळ्यांनंतरचा रिव्ह्यू: आमचं बाथरूम आणि ते करणारे मिस्त्री

काम संपलं २३ डिसेंबर २०१९ ला. रिव्ह्यू आत्ता लिहितेय, सहावा पावसाळा सरल्यावर, आणि हा उशीर मी मुद्दाम केलाय. काम संपल्या दिवशी कुठलंही बाथरूम सुरेखच दिसतं. टाइल्स चकचकीत, नळांवर पाण्याचा डाग नाही, कोपऱ्यांत काळं धरलेलं नाही. त्या दिवशी विचारलं तर कोणीही भरभरून बोलेल. आमच्या आधीच्या बाथरूमबद्दल मीही तशीच बोलले होते, चार जणांना त्या ठेकेदाराचा नंबर दिला होता. त्याच कामाने पुढे आम्हाला आणि खालच्या वहिनींना चार वर्षं घोर लावला.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. १९९३ ची इमारत, तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे डोक्यावर गच्ची आणि गच्चीवर पाण्याची टाकी. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे संडास वेगळा, बाथरूम वेगळं, मध्ये चार इंची भिंत, आणि बेसिन बाहेर पॅसेजमध्ये. घरात मी, आमचे हे आणि सासूबाई. मी बँकेत काउंटरवर तीस वर्षं काढली, त्यामुळे सगळं वहीत टिपून ठेवायची सवय आहे. इथले आकडे आणि तारखा त्या वहीतल्याच.

२०१५ मध्ये आधीच्या ठेकेदाराने जुन्या टाइल्स न फोडता त्यांच्यावरच नव्या बसवल्या होत्या. फोडाफोड नाही, धूळ नाही, पाच दिवसांत काम. आम्हाला तेव्हा ते फार सोयीचं वाटलं. पण गळतीचं मूळ टाइल्सच्या खाली होतं आणि तिथवर कोणी पोहोचलंच नव्हतं. दीड वर्षात वहिनींच्या बाथरूमच्या छताला पोपडे आले, मग सिमेंट पडलं आणि गंजलेली सळई दिसायला लागली. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे घराच्या आतली गळती, म्हणजे संडास, बाथरूम, सिंकची, ज्याच्या घरातून होते त्यानेच स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. ते योग्यच आहे. आम्ही तीन वेळा माणूस बोलावून टाइल्सच्या फटींमध्ये व्हाइट सिमेंट भरून घेतलं. तीनही वेळा दोन महिन्यांत थेंब परत सुरू. जिन्यात वहिनी भेटल्या की मला बोलायला शब्द सुचायचे नाहीत. आणि त्या माउलीने एकदाही आवाज चढवला नाही.

एप्रिल २०१९ मध्ये सासूबाई आंघोळ करून उठताना घसरल्या. ऐंशी वर्षांच्या होत्या तेव्हा. मनगटावर निभावलं, खुब्याला काही झालं नाही, पण प्लॅस्टर सहा आठवडे होतं. तेव्हा ठरवलं की आता पूर्ण उकरूनच काढायचं.

तिघांना बोलावलं. पहिल्या दोघांनी मोबाइलवर फोटो दाखवले, काळे नळ, काचेचं पार्टिशन, छतातून पडणारा पाऊस-शॉवर. तिसरे हे मिस्त्री. मूळचे सावंतवाडीकडचे, वीस-बावीस वर्षं डोंबिवलीत काम करतात. त्यांनी फोटो दाखवले नाहीत. आल्या आल्या म्हणाले, "ताई, खालच्या घरात बघायला मिळेल का? आणि गच्चीची चावी." वहिनींच्या छताखाली स्टुलावर उभं राहून त्यांनी ओलीच्या डागाभोवती खडूने रेघ मारली, टाकीवरून खाली येणारा पाइप किती इंची आहे ते पाहिलं, आणि मग आमच्या बाथरूममध्ये पाऊल टाकलं. तिथेच माझं मत ठरलं होतं. त्यांचा अंदाज तिघांत सगळ्यात कमी नव्हता, मधला होता.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यांनीच नको सांगितलंय. एका वेळी एकच काम घेतात, फोन वाढले की काम बिघडतं म्हणतात.

मधली भिंत काढून संडास-बाथरूम एक करायचं ठरलं. त्याआधी इंजिनिअरचं पत्र आणि सोसायटीची परवानगी घेतली, त्यात तीन आठवडे गेले. घरात चार-पाच माणसं असती तर मी भिंत काढू दिली नसती, सकाळी एकाच दारापुढे रांग लागली असती. आम्ही तिघंच, आणि सासूबाईंना कधी हात धरून न्यावं लागलं तर चार फुटी संडासात दुसऱ्या माणसाला उभं राहायला जागा नव्हती. बेसिन मात्र मिस्त्रींनी पॅसेजमध्येच ठेवायला लावलं. आत एक जण आंघोळ करत असला तरी बाहेर दुसऱ्याला दात घासता येतात. अशी सोय जुन्या घरांत होती तिला कारण होतं.

२८ नोव्हेंबरला फोडायला सुरुवात झाली. वरच्या टाइल्स, खालच्या टाइल्स, त्याखाली सिमेंट, त्याखाली विटांच्या तुकड्यांचा भराव. आपल्याकडे बाथरूमचा स्लॅब फूटभर खाली घेतलेला असतो आणि त्या खड्ड्यातून पाइप नेऊन वर भराव घालतात. तो भराव घमेल्यात आला तेव्हा चिखल होता. वर्षानुवर्षं पाणी पिऊन विटा हाताने कुस्करत होत्या. तीन मजले उतरून दोन बिगारी गोणी वाहत होते, पहिल्या दोन दिवसांत एकशे बारा गोणी मी मोजल्या. जिना रोज संध्याकाळी धुऊन देणार हे मिस्त्रींनी आधीच कबूल केलं होतं आणि तो शब्द त्यांनी पाळला.

प्लंबर ओडिशाच्या केंद्रापाड्याचे. मुंबईच्या परिसरात प्लंबिंगच्या कामात त्या जिल्ह्यातली माणसं किती आहेत ते काम काढल्यावर कळतं. त्यांनी भिंतीतला जुना लोखंडी जीआय पाइप कापून माझ्या हातात दिला. बाहेरून अर्धा इंची. आत गंजाचे थर चढून चढून भोक एवढं बारीक झालं होतं की मी वहीबरोबरची पेन्सिल घालून पाहिली, ती आत गेली नाही. पंधरा वर्षं आम्ही टाकीवाल्याला आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना दोष देत होतो, की वरच्या मजल्याला पाणीच नीट येत नाही. तो तुकडा मी अजून माळ्यावर ठेवलाय.

आता पाण्याच्या जोराबद्दल, कारण इथे खूप जण फसतात. गच्चीवरच्या टाकीतून पाणी स्वतःच्या वजनाने खाली येतं. दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो. आमची टाकी शॉवरच्या वर जेमतेम अडीच मीटर, म्हणजे पाव बार. एवढ्यात ते मोठं थाळीएवढं पाऊस-शॉवर चालत नाही, नुसतं ठिबकतं. मला ते फार आवडलं होतं, दुकानात दोनदा जाऊन पाहून आले होते. मिस्त्रींनी नको म्हणायच्या ऐवजी एक बादली आणि घड्याळ घेतलं, टाकीवरून आलेल्या पाइपाखाली बादली भरायला किती वेळ लागतो ते दाखवलं आणि म्हणाले, पंप बसवणार असाल तर आणा. पंप म्हणजे आणखी एक यंत्र, आवाज, वीज, दुरुस्ती. मी हँड शॉवर घेतला. टाकीपासून बाथरूमपर्यंत एक इंची नवा पाइप, आत पाऊण इंची सीपीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिकचा पाइप, आणि वळणं शक्य तितकी कमी. नळाला आज जो जोर आहे तो तीस वर्षांत नव्हता.

पाइप जोडून झाल्यावर सगळी तोंडं बंद करून हातपंपाने दाब भरला आणि काटा रात्रभर तसाच राहिला की नाही ते सकाळी मला बोलावून दाखवलं. भिंत बुजवण्याआधी मी प्रत्येक भिंतीचे फोटो काढले, टेप धरून, जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती हे दिसेल असे. ही कल्पना माझी. २०२२ मध्ये आणखी एक दांडी बसवायची होती तेव्हा ड्रिल कुठे मारायचं नाही हे त्या फोटोंवरून दोन मिनिटांत कळलं. तुम्ही कोणाकडूनही काम करून घ्या, हे फोटो स्वतः काढा.

वॉटरप्रूफिंगला आठ दिवस लागले. स्लॅब घासूनपुसून कोरडा केला, जिथे पाइप आरपार जातो तिथल्या फटी वेगळ्या भरल्या, भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर वाटा मारला, कारण काटकोनात कोटिंग आधी तडकतं. मग कोटिंगचे दोन हात, पहिला उभा, दुसरा आडवा, मध्ये सुकायला वेळ. भिंतीवरही ते चढवलं, आंघोळीच्या बाजूला खांद्याएवढं. मग न्हाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या भांड्याच्या, तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबून वरून सिमेंट लावलं आणि चार इंच पाणी भरलं. भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलची रेघ. अठ्ठेचाळीस तास.

ते दोन दिवस मी विसरणार नाही. मी वर रेघ बघायची आणि तासाभराने खाली वहिनींकडे जाऊन छत बघायची. पहिल्या रात्री साडेअकराला वहिनी स्वतः वर आल्या, हातात टॉर्च. म्हणाल्या, "कोरडं आहे हो. झोपा आता." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी रेघेच्या केसभर खाली होतं, तेवढं हवेतच जातं. छत कोरडं. भराव घालून, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून, पुन्हा कोटिंग झालं आणि पुन्हा एकदा पाणी भरलं, तेव्हा चोवीस तास. मी म्हटलं, एकदा झालं की. मिस्त्री त्यांच्या बोलीत म्हणाले, "पाण्याक वाट देवची लागता, ताई. नायतर ता आपली वाट काढता."

न्हाणी ट्रॅपबद्दल जरा सांगते. न्हाणी हा आपलाच शब्द, आणि देशभरातले प्लंबर जमिनीतल्या त्या जाळीखालच्या भांड्याला न्हाणी ट्रॅप म्हणतात. त्यात साधारण दोन इंच पाणी कायम साचून राहतं, तेच खालचा वास आणि झुरळं अडवतं. आमचा आधीचा ट्रॅप उथळ होता, गावाला जाऊन आलो की वास सुटायचा. आता खोल ट्रॅप आहे. उतारही दोन प्रकारचा दिलाय. आंघोळीच्या बाजूला पाच फुटांत एक इंच, कमोडच्या बाजूला अगदी नावापुरता, आणि दोन्हीच्या मध्ये उंबरा न घालता नुसती अर्ध्या इंचाची उतरती कड. उंबरा म्हणजे म्हाताऱ्या पायाला ठेच. आंघोळ झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत जमीन आपोआप कोरडी होते, खराटा मारावा लागत नाही.

टाइल्स घ्यायला कल्याणच्या एका दुकानात गेलो. आपल्याकडच्या बहुतेक टाइल्स गुजरातच्या मोरबीहून येतात, त्यामुळे दुकान कुठलंही असलं तरी माल पुष्कळसा तोच. जमिनीसाठी मॅट, एक फूट बाय एक फूट. लहान टाइल मुद्दाम, कारण उतार नीट देता येतो आणि सांधे जास्त असले की पायाला पकड मिळते. खोक्यावर आर-१० किंवा आर-११ असं लिहिलेलं असतं. तो जर्मन पद्धतीचा आकडा आहे, तेल टाकलेल्या उतरत्या फळीवर माणसाला चालवून ठरवतात, आणि आकडा जितका मोठा तितकी पकड चांगली. तेलाची ही परीक्षा आमच्या घरी दर नरकचतुर्दशीला होते. तेल आणि उटणं लावून सगळे त्याच जमिनीवर बसतात आणि उठतात. मी पर्समधून साबणाची वडी नेली होती. दुकानातल्या मुलाकडून मगभर पाणी घेतलं, पसंत पडलेल्या चार टाइल्स जमिनीवर ठेवल्या, साबणाचं पाणी केलं आणि चपला काढून प्रत्येकीवर उभी राहून पाय सरकवून पाहिला. दोन टाइल्स, ज्या हाताला खरखरीत लागत होत्या, त्या ओल्या झाल्यावर सरकल्या. उरलेल्या दोनमधली करड्या रंगाची घेतली, आर-११. दुकानातला मुलगा आधी बघत राहिला, मग त्याने स्वतःहून दुसरा मग भरून आणला.

दिसण्याबद्दल माझं म्हणणं एवढंच होतं की पंधरा वर्षं डोळ्यांना जड होता कामा नये. २०१९ ला षटकोनी टाइल्स आणि निळ्या-पांढऱ्या नक्षीच्या टाइल्सची फार चलती होती. मी भिंतीला साधा मोतिया रंग घेतला, एक फूट बाय दोन फूट, आडव्या लावून. फक्त साबण-शाम्पू ठेवायच्या कोनाड्याची पाठ जांभ्या दगडाच्या रंगाची. माझं माहेर कोकणातलं, आमच्या न्हाणीघराच्या भिंती जांभ्याच्या होत्या, तांब्याचा बंब असायचा. कोनाड्यात सकाळचं ऊन पडलं की तो रंग उठून दिसतो. येणारं प्रत्येक माणूस कोनाड्याबद्दल विचारतं, बाकी भिंतीबद्दल कोणी काही म्हणत नाही, आणि मला तेच हवं होतं.

टाइल्स सिमेंटच्या पाच टिकल्या मारून नव्हे, तर चिकटवण्याच्या अॅडहेसिव्हने, दातेरी थापीने पूर्ण पाठीला रेघा ओढून बसवल्या. टिकल्या मारलेल्या टाइलचे कोपरे पोकळ राहतात, मग तिथे ड्रिल मारलं की तडा जातो. काम झाल्यावर मिस्त्रींनी मला एक रुपयाचं नाणं दिलं आणि म्हणाले, वाजवून बघा. मी भिंत भिंत वाजवत फिरले. तीन टाइल्स बद वाजल्या, त्यांनी न बोलता काढून पुन्हा बसवल्या. सांध्यांमध्ये एपॉक्सी ग्राउट. ते महाग पडतं आणि लावताना लगेच पुसावं लागतं, राहिलं तर दगडासारखं बसतं. पण सहा वर्षांत आंघोळीच्या बाजूचा एकही सांधा काळा पडलेला नाही. आधीचं व्हाइट सिमेंट सहा महिनेही टिकलं नव्हतं.

आता ज्या एका दिवसासाठी मी या माणसाला कधी विसरणार नाही तो दिवस. १० डिसेंबर. जमीन झाली होती, भिंती नुसत्या प्लॅस्टरच्या. मिस्त्रींनी विचारलं, आजी आत येतील का? सासूबाईंना हात धरून आत नेलं. त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची आणली, तिच्याखाली फळ्या घालून घालून कमोडच्या उंचीएवढी केली आणि म्हणाले, "आजी, बसा. आता उठा. नेहमी उठता तशा." सासूबाई उठल्या. त्यांचा उजवा हात आपसूक भिंतीकडे गेला. जिथे टेकला तिथे मिस्त्रींनी खडूने फुली मारली. असं चार वेळा केलं. चारही फुल्या तळहाताएवढ्या जागेत आल्या. मग आंघोळीच्या स्टुलावर बसवून पुन्हा तेच. तिथे हात डावीकडे गेला, आणि आम्ही दांडी उजवीकडे धरली होती. सासूबाई म्हणाल्या, "माझं ते मनगट दुखतं ना अजून." आमच्या कोणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं.

त्या फुल्यांवर दांड्या बसल्या. स्टेनलेस स्टील, ३०४ ग्रेड, मुठीत नीट येईल अशा जाडीच्या. जिथे स्क्रू येणार तिथे मिस्त्रींनी भिंतीतल्या विटा काढून आधीच काँक्रीट भरून घेतलं होतं. बसवल्यावर स्वतः दोन्ही हातांनी लटकून दाखवलं. टॉवेलच्या दांडीला धरून कोणी उठू नये म्हणून ती मुद्दाम लांब, दाराजवळ घेतली. कमोडची बैठक अठरा इंचांवर. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, कारण आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्या माणसालाच अडतं. कडी अशी की बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येते. सासूबाई आता शहाऐंशीच्या आहेत आणि आजही आंघोळ एकट्याने करतात. दार लोटलेलं असतं, मी पॅसेजमध्ये असते.

भिंतीत लपणारी फ्लशची टाकी आणि अधांतरी कमोड मला हवं होतं, खालून पुसायला सोपं म्हणून. मिस्त्रींनी बाहेर दिसणारी साधी टाकी घ्यायला लावली. चौथ्या वर्षी आतला वॉशर गेला, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे तो मिळाला आणि अर्ध्या तासात बदलून झाला. त्याच वर्षी बैठकीचं बिजागर तुटलं, तेही मापाचं मिळालं. या बाबतीत त्यांचं बरोबर होतं आणि माझं चूक.

जिथे आमच्या मुलाचं आणि माझं ऐकून त्यांनी मान तुकवली तिथे तिथे आज त्रास आहे. बेसिनचा नळ मॅट काळा घेतला, मुलाला फार आवडला होता. उन्हाळ्यात सोसायटी टाकीत बोअरचं पाणी मिसळते, त्या पाण्याचे पांढरे ठिपके काळ्यावर लगेच दिसतात. पुसून पुसून तिसऱ्या वर्षी कडेचा रंग उडाला. आतले क्रोमचे नळ लिंबाच्या सालीने घासले की परत नवे. काचेचं पार्टिशन अडीच फुटांचं आहे, ते रोज वायपरने ओढावं लागतं. मी रोज ओढते म्हणून ते ठीक आहे. ज्या घरात ओढणारं कोणी नसेल तिथे काच लावू नका, पडदा बरा.

चुका त्यांच्याही झाल्या. एक्झॉस्ट पंखा त्यांनी दाराच्या बाजूला बसवला, वाफ मात्र खिडकीच्या बाजूला कोंडते. ती खिडकी नैर्ऋत्येला, पावसाचा मारा तिथेच, दोन पावसाळ्यांत छताच्या त्या कोपऱ्यात बुरशी आली. फोन केला, आले, चूक कबूल केली, पंखा खिडकीच्या वरच्या झडपेत हलवून दिला. मजुरी घेतली नाही, वायरचे पैसे घेतले. दुसरी गोष्ट वेळेची. अठरा दिवस सांगितले होते, सव्वीस लागले. त्यातले चार दिवस गावच्या जत्रेला गेले. मार्गशीर्षातली जत्रा, ते जाणारच, पण हे आधी सांगायला हवं होतं. आम्ही तिघं सव्वीस दिवस शेजारच्यांच्या बाथरूमवर होतो आणि सासूबाईंना त्याचा फार संकोच झाला.

खर्च एकूण २,२६,००० रुपये, २०१९ चे. मजुरी ७८,०००. टाइल्स, अॅडहेसिव्ह आणि ग्राउट ४१,०००. पाइप १९,०००. कमोड, नळ, दांड्या, काच ४६,०००. वॉटरप्रूफिंगचं सामान १४,५००. ग्रॅनाइटची चौकट आणि दार ११,५००. विजेचं काम ९,५००, त्यात गीझरची जाड वायर, बाहेर घेतलेली बटणं आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. विजेचा झटका बसला तर तो लगेच प्रवाह तोडतो, ओल्या खोलीत त्याशिवाय गीझर चालवू नये. डेब्रिज, म्हणजे फोडलेला राडारोडा, उचलायचे ६,५००. अंदाज १,९५,००० चा होता. वाढलेले ३१,००० जवळजवळ सगळे त्या गंजलेल्या पाइपाने आणि कुजलेल्या भरावाने खाल्ले, आणि प्रत्येक वाढीव खर्च करण्याआधी मला बोलावून दाखवलं गेलं.

दीड खोकं टाइल्स जास्त घेतल्या होत्या, एकाच बॅचच्या, पलंगाखाली ठेवल्यात. २०२३ मध्ये गीझर बदलताना नव्या माणसाने एक टाइल फोडली, तेव्हा तिथलीच लावली. कुठली ते आता मलाही ओळखता येत नाही.

वहिनींनी २०२० च्या दिवाळीआधी त्यांच्या छताला रंग लावून घेतला. दर जूनमध्ये मी खाली जाऊन एकदा ते छत बघून येते. यंदाही कोरडंच होतं.

कामाला पाचपैकी पाच, वेळेला तीन. आता स्वयंपाकघराच्या ओट्याचं काम काढायचंय, तेही यांनाच सांगितलंय. जानेवारीत येतो म्हणाले. या वेळी जत्रेची तारीख मी आधीच विचारून वहीत लिहून ठेवली आहे.